साहेब म्हणजे सोबती

नगरकडच्या आमच्या मंडळीत पाळकाला नुसतं पाळक कुणी म्हणत नाही, पाळकसाहेब म्हणतात. माझ्या लहानपणी पाळकसाहेब घरी प्रार्थनेला येणार असले की सकाळपासून धांदल असायची. फळीवरच्या ठेवणीतल्या कपबशा खाली यायच्या, घरातली एकुलती एक हातांची खुर्ची पुसून भिंतीपाशी मांडली जायची आणि बाकी आम्ही सगळे सतरंजीवर. प्रार्थना संपेपर्यंत त्या खुर्चीकडे मान वर करूनच बघायचं. माणूस अतिशय प्रेमळ होता, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा. पण खुर्ची तिच्या जागी होती आणि ‘साहेब’ हा शब्द त्याच्या.

ती खुर्ची आठवली एका निमंत्रणपत्रिकेमुळे. तरुण पाळकांचं दोन दिवसांचं शिबिर भरायचं होतं. विषय इंग्रजीत ठरला होता: उत्तरआधुनिक संस्कृतीत चर्चचं नेतृत्व आणि मिशन यांचा फेरविचार. पत्रिकेसाठी याचं जरा बरं मराठी करून द्या, असा निरोप आला. पाच-सहा शब्दांचं काम, संध्याकाळपर्यंत हातावेगळं होईल असं वाटलं. दोन आठवडे लागले. एकेक शब्द उचलावा तर त्याच्याखाली आणखी काहीतरी निघे, आणि शिबिरात जी चर्चा व्हायची होती ती शब्दांमध्ये आधीच चाललेली दिसे.

सोपा म्हणून आधी ‘पाळक’ घेतला. लॅटिनमध्ये ‘पास्तोर’ म्हणजे चारणारा, मेंढरं कुरणावर नेणारा. इंग्रजी पास्टर तिथलाच. मराठी नव्या करारात त्याच्यासाठी पाळक आला. हे दोन शब्द लांबचे नातलग आहेत. ‘पास्तोर’च्या मुळाशी असलेला धातू आणि संस्कृतातला ‘पा’, म्हणजे राखणं, ज्यातून गोप, भूपाल, पालक निघाले, हे एकाच प्राचीन मुळाचे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’ म्हणत, तोही याच कुळातला. पोर्तुगीज तोंडात त्याची रूपं बदलली आणि आपल्याकडे तो पाव होऊन उतरला. विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवल्याच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. ज्या पावाची एवढी धास्ती घेतली गेली तो आणि पाळक हे एका घरचे निघावेत, याचं मला फार वाईट वाटलं. त्या घरात मुळात खाऊ घालण्याचं आणि राखण्याचंच काम चालत होतं.

मराठीनं मात्र या शब्दाला आणखी एक अंग दिलं आहे, जे लॅटिनमध्ये नाही. आपण गाय पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो आणि शब्दही पाळतो. जनावर सांभाळणं आणि दिलेल्या वचनाला जागणं यांना मराठीत एकच क्रियापद आहे. पाळक म्हणताना कानाला दोन्ही ऐकू येतात: माणसं सांभाळणारा आणि बोलल्याप्रमाणे वागणारा. आजच्या तरुण मुलामुलींशी बोललं की कळतं, त्यांची तक्रार दुसऱ्या अर्थाची आहे. उपदेश कंटाळवाणा होता म्हणून मंडळी सोडली, असं सांगणारं क्वचित भेटतं. प्रीतीवर उपदेश करणारे दोघेजण चर्चच्या जागेवरून कोर्टात एकमेकांसमोर उभे राहिलेले पाहिले आणि मग मन उडालं, असं सांगणारे बरेच भेटतात.

एकदा दिवाळीनंतर माळशेज घाटाच्या तोंडाशी धनगरांचा वाडा कोकणात उतरताना पाहिला होता. बायका घोड्यांवर संसार लादून कधीच पुढे गेल्या होत्या. मेंढरांच्या पुढे एक जाणता माणूस, तोंडानं सारखी एक विशिष्ट सादवजा हाळी देत चाललेला. मागे मात्र एक पोरगा होता, पंधरा-सोळा वर्षांचा. त्याच्या खांद्यावर त्याच रात्री जन्मलेलं कोकरू, आणि त्याच्या पायात पाय घालत लंगडणारी एक मेंढी. रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो त्या मेंढीच्या चालीनं चालत होता, तसूभर पुढे नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांच्या पुढे चालतो आणि एकेकाला नावानं हाक मारतो. चर्चमधल्या चित्रांतही तो पुढेच असतो. तो मागचा पोरगा मी कुठल्या चित्रात पाहिलेला नाही. पण पाळक म्हटलं की हल्ली माझ्या डोळ्यांपुढे तोच येतो.

आता ‘साहेब’. हा शब्द अरबीतून आला. मूळ ‘साहिब’ म्हणजे सोबती, बरोबर राहणारा. प्रेषित मुहम्मदांच्या सोबत्यांना ‘सहाबा’ म्हणतात, तो याच मुळाचा शब्द. फिरता फिरता सोबत्याचा धनी झाला, धन्याचा अधिकारी झाला, आणि कंपनी सरकारच्या काळात तर साहेब म्हणजे गोरा माणूस असं समीकरणच बसलं. आमच्या मंडळ्या गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखाली उभ्या राहिल्या, तेव्हा तेही साहेब. ते गेले, देशी पाळक आले, आणि खुर्चीबरोबर शब्दही त्यांच्याकडे आला. पाळकसाहेब हा जोडशब्द मी कित्येक वर्षं जरा अवघडून उच्चारत होतो. राखणदाराला कुणी धनी म्हणावं का, असं वाटायचं. अरबी अर्थ कळला त्या दिवशी मनावरचं ओझं उतरलं. राखणारा सोबती. यापेक्षा चांगलं नाव त्या कामाला मी तरी सुचवू शकणार नाही.

नव्या करारात पदाधिकाऱ्यांसाठी तीन ग्रीक शब्द येतात, आणि मराठी भाषांतरात त्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयानं मोठा. त्याचा ‘वडील’ झाला. ‘दियाकोनोस’चा ‘सेवक’ झाला. ग्रीकमध्ये हा जेवणाच्या पंगतीत वाढणारा माणूस. प्रेषितांच्या कृत्यांत विधवांच्या रोजच्या वाढपावरून कुरबुर झाली, तेव्हा त्या कामावर सातजण नेमले, ते असे. आपल्या लग्नघरातला वाढपी डोळ्यांपुढे आणा: हातात भाताची परात, घामानं डवरलेला, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणारा. डीकन या भारदस्त शब्दामागे तो उभा आहे. तिसरा ‘एपिस्कोपोस’, ज्याचा घासत घासत बिशप झाला. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. वरून नजर ठेवणारा, देखरेख करणारा. त्याचा मराठीत केला ‘अध्यक्ष’. भाषांतरकारांनी इथे अगदी नेमकं काम केलं आहे, कारण अध्यक्ष म्हणजे अधि अधिक अक्ष: वर आणि डोळा. ग्रीक शब्दाचे दोन्ही तुकडे जसेच्या तसे संस्कृतात सापडले.

हाच डोळा आणखी एका शब्दात आहे, आणि तो आमच्या उपासनेत आठवड्याला एकदा तरी कानावर पडतो: साक्ष. प्रार्थनासभेत कुणीतरी उठतं, बहुधा एखादी बाई, पदर सावरते आणि म्हणते, मला साक्ष द्यायचीय. मुलाला ताप होता, पैशाची नड होती, मन खचलं होतं, आणि देवानं कसं निभावून नेलं, ते सांगते. साक्षी म्हणजे स-अक्ष, डोळ्यांसह असलेला, ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो. अध्यक्षाचा डोळा वर आणि साक्षीदाराचा डोळा बरोबर. ख्रिस्ती पुढारपणाचा फेरविचार म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या दोन शब्दांकडे बोट दाखवीन. देखरेखीची गरज कधी संपणार नाही. हिशेब कुणीतरी तपासायलाच हवेत. पण वरून पाहणाऱ्यावर आजचा माणूस सहज विश्वास टाकत नाही. जो म्हणतो, मी हे सोसलं आणि हे पाहिलं, त्याचं ऐकून घेतो.

‘मिशन’वर सगळ्यांत जास्त अडलो. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणं आणि ‘मिसिओ’ म्हणजे पाठवणी. सोळाव्या शतकापर्यंत हा शब्द माणसांच्या कामासाठी वापरत नसत. पित्यानं पुत्राला पाठवलं, पवित्र आत्म्याला पाठवलं, एवढ्यापुरताच तो धर्मशास्त्रात होता. पाठवणारा देव आणि पाठवलेलाही देवच. पुढे जेझुइटांनी तो आपल्या दूरदेशीच्या कामाला लावला, आणि त्यानंतर तो जहाजात चढला. मुंबईत अमेरिकन मिशनरी १८१३ साली उतरले, त्यांचं नाव पडलं अमेरिकन मराठी मिशन. नगरहून १८४२ साली निघालेलं ‘ज्ञानोदय’ याच मिशनचं.

मग मराठीत या शब्दाचं एक विचित्र झालं. पाठवणीचा शब्द जागेचं नाव होऊन बसला. मिशन कंपाउंड, मिशनची शाळा, मिशनची विहीर. मिरजेत रिक्षावाल्याला आजही मिशन हॉस्पिटल म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आमच्या आज्या म्हणायच्या, ‘आम्ही मिशनमध्ये राहायचो.’ चालत्या शब्दाला भिंत पडली, भिंतीला फाटक लागलं. त्या भिंतींच्या आत मुली शिकल्या, महारोग्यांच्या जखमा धुतल्या गेल्या, दुष्काळात पोरकी झालेली मुलं जगली. ते ऋण मी कधी विसरणार नाही, कारण त्या मुलांत माझे पूर्वज आहेत. पण आत आणि बाहेर अशी दोन गावंही त्याच भिंतीनं केली.

मराठी समाजानं या शब्दाशी दुसराही खेळ केला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. प्रार्थना समाजाचा माणूस, ख्रिस्ती नव्हे, आणि त्यानं मिशन हा शब्द बिनदिक्कत उचलला. विवेकानंदांनी त्याआधी १८९७ साली रामकृष्ण मिशन स्थापलं होतंच. पण शिंद्यांनी आपल्या संस्थेचं जे मराठी नाव ठेवलं त्याकडे माझं लक्ष खिळलं: निराश्रित साहाय्यकारी मंडळी. इंग्रजीत मिशन, मराठीत मंडळी. ज्याला पाठवायचं आणि ज्यांच्याकडे पाठवायचं त्यांच्यामधलं अंतर मराठी नावात गळून पडलं.

‘मंडळी’ हा मला सगळ्या यादीत सर्वांत लाडका शब्द. ग्रीकमध्ये ‘एक्लेसिया’ म्हणजे अथेन्समध्ये नागरिकांची भरणारी सभा. इंग्रजी चर्च वेगळ्याच मुळातून, ‘कुरियाकोन’ म्हणजे प्रभूचं, प्रभूचं घर, यातून आला, म्हणून त्यात इमारतीचा वास आहे. मराठी भाषांतरकारांनी इमारत बाजूला ठेवली आणि एक्लेसियासाठी मंडळी घेतला. मंडल म्हणजे वर्तुळ. वर्तुळात पहिला आणि शेवटचा कोण, सांगता येत नाही. हा शब्द त्यांना कुठल्या पोथीतून शोधावा लागला नाही; तो भजनी मंडळींच्या टाळांबरोबर वाजत होता, पुढे १८८० साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या पाटीवरही गेला, आणि कीर्तनकार समोरच्यांना मंडळी अशीच हाक घालत होता. घरात तर त्याचा अर्थ आणखी जवळचा. माझे आजोबा आजीबद्दल बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणत. बायको म्हणजे मंडळी, आणि चर्च म्हणजेही मंडळी! पौलानं चर्चला ख्रिस्ताची वधू म्हटलं त्यावर धर्मशास्त्र्यांनी ग्रंथ लिहिले. आजोबांच्या तोंडी ते एका शब्दात होतं आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

वसईचे कॅथलिक चर्चला देऊळ म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला किती आनंद झाला होता. त्यामागे फार जुनी वाट आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ साली गोव्यात राशोलला छापून घेतलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी मराठी, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ. त्याच वाटेवर पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो भेटतात, ‘सुवार्ता’ मासिकाचे एके काळचे संपादक, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले, ‘सुबोध बायबल’ लिहिणारे. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष हा शब्द त्यांच्याबाबतीत मला खटकत नाही, कारण वसईतल्या विहिरींचं पाणी खारं होताना त्यांनी ते गावकऱ्यांबरोबर पाहिलं होतं.

उत्तरआधुनिक हा शब्द त्या मानानं कालचा. फ्रेंच विचारवंत ल्योतार यांचं त्यावरचं पुस्तक १९७९ सालचं. सगळ्या जगाला एका सूत्रात बसवणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास उडणं, हे त्यांनी या अवस्थेचं लक्षण सांगितलं. मराठीत ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं: उत्तरार्ध, उत्तरपूजा, उत्तरकार्य. आणि उत्तर म्हणजे जबाबही. तयार उत्तरांना नाही म्हणणाऱ्या काळाच्या नावातच उत्तर बसलं आहे. आमच्या तरुणांना घाऊक उत्तरं नको आहेत. पण प्रश्न विचारल्यावर समोरच्यानं थांबून आपल्याला जबाब द्यावा, एवढं त्यांना हवं असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

लेस्ली न्यूबिगिन यांची आठवण इथे येते. १९३६ साली तमिळ मुलखात आलेले इंग्रज मिशनरी, पुढे १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडियात मदुराईचे बिशप. तरुणपणी कांचीपुरमला असताना ते दर आठवड्याला रामकृष्ण मिशनच्या मठात जाऊन संन्याशांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसत आणि उपनिषदं व योहानाचं शुभवर्तमान मिळून वाचत. एका मिशनचा माणूस दुसऱ्या मिशनच्या ओसरीवर. १९७४ साली ते मायदेशी परतले. तिथे कशाची उणीव भासते असं विचारलं तर सांगत, आशेची. मद्रासच्या झोपडपट्टीतही उद्या बरं होईल असं माणसांना वाटे. इंग्लंडात तसं वाटणारं कुणी भेटेना. मिशन ज्या देशातून निघालं तोच देश मिशनचं क्षेत्र झाला, आणि हे ठामपणे सांगायला भारतात मांडी घालून बसलेला माणूस लागला. जर्मनीत विलिंगेन इथे १९५२ साली मिशनऱ्यांची परिषद झाली, त्यानंतर ‘मिसिओ देई’ म्हणजे देवाची पाठवणी हा प्रयोग रूढ होत गेला: मिशन चर्चच्या मालकीचं नाही, देवाचं आहे. शब्द चारशे वर्षं भटकून घरी परत आला.

महाराष्ट्रात मात्र हे एका कवीनं त्याआधी पस्तीस वर्षं करून पाहिलं होतं. नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले यावेत आणि न झालेलेही यावेत. दरबार हा शब्द त्यांनी का निवडला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. दरबार म्हटलं की मानाच्या जागा आल्या, मुजरे आले. पण फारसीत ‘दर’ म्हणजे दार, आपल्याच दाराचा भाऊ. आणि दरबार देवाचा म्हटल्यावर सिंहासन एकच, बाकी सगळे एका रांगेत. दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक गेले आणि दरबारही टिकला नाही. अपयशी प्रयोग म्हणून त्याची बोळवण करतात. मला तसं वाटत नाही. आज जी मुलं चर्चच्या वहीत नाव न घालता ख्रिस्ताबद्दल बोलायला तयार असतात, त्यांना बसायला कुठली जागा द्यावी हे आम्हाला सुचत नाही, आणि टिळकांनी ती जागा शंभर वर्षांपूर्वी झाडून ठेवली होती.

राहिला ‘नेतृत्व’. नेता म्हणजे नेणारा, ‘नी’ धातूपासून. मराठीत नेणे म्हणजे घेऊन जाणे. पण जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीत आणि अभंगांत, दुसरा एक ‘नेणे’ आहे: न जाणे, ठाऊक नसणे. नेणतं लेकरू, नेणतं वय, ते त्यातले. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कानाला मात्र सारखेच. पत्रिकेच्या कच्च्या कागदावर मी ते दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवले आणि बरेच दिवस त्यांच्याकडे बघत राहिलो. शेवटी शिबिरवाल्यांना जे लिहून दिलं त्यात नेतृत्व ठेवलं नाही. ‘आजच्या काळात मंडळीची राखण आणि साक्ष’ एवढंच दिलं. मिशन कुठे गेलं, असा फोन आला. साक्षीत आहे, म्हटलं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातल्याच एका घरी प्रार्थना होती. मीही गेलो. हातांची प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीपाशी मांडलेली होती. तरुण पाळक आले, त्यांनी खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर ठेवली, तिथे एक गुडघे दुखणारी आजी टेकली, आणि ते सतरंजीच्या कडेला दाराशी बसले. साक्षीची वेळ आली तेव्हा घरातली बाई उठली. साक्ष म्हणावी असं तिच्याकडे काही नव्हतं. थोरला पुण्याला नोकरी करतो, म्हणाली, दोन वर्षं झाली चर्चला जात नाही, देव नाही म्हणतो, फोनवर मी विषय काढला की फोन ठेवतो, आणि मी काय करावं ते मला कळत नाही. ती उभीच राहिली. सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. त्यांनी थोडा वेळ घेतला. ‘मलाबी कळंना बघा, मावशी,’ ते म्हणाले. ‘पण सोमवारी मला पुण्याला काम आहे. त्याचा पत्ता द्या. जेवायला जाईन त्याच्याकडं. विषय काढणार नाही.’

बाईनं मुलीला हाक मारली आणि वही-पेन आणायला सांगितलं.